अर्धी कच्ची बादली

तुला लाल दिसत नाही
हे मला कळलं लग्नानंतरच्या चौथ्या सप्टेंबरात.
तू रानातून लिंगनबेरीची बादली भरून आणलीस
आणि निम्मी फळं कच्ची, हिरवट.
मी ओरडले, "डोळे आहेत की बटणं?"
तू टोपी काढलीस, पुन्हा घातलीस.
"साइमी, मी चाखून तोडतो.
आज दात आंबले होते."

तेव्हापासून आपल्या घरी
पानगळ मी वाचून दाखवते.
तुझ्या आईला वर्तमानपत्रातले मृत्यू वाचून दाखवायचे, तशी,
खिडकीत उभी राहून, कॉफी उकळेपर्यंत.
विहिरीजवळचा रोवन टोकापासून पेटला.
सॉनामागच्या बर्चची एकच फांदी पिवळी,
केसांत पहिली बट पिकावी तशी.
कोर्होनेनांच्या बांधावरचा ॲस्पेन
अजून ठरवतोय.

तू चाकूला धार लावत ऐकायचास
आणि मध्येच,
"पेटला म्हणजे किती?
शेकोटीएवढा, की विडीच्या टोकाएवढा?"
दर वर्षी मला नवं माप शोधावं लागे.

एकदा तू विचारलंस, लाल म्हणजे नेमकं काय.
मी म्हटलं, सॉनातून निघून
बर्फात पाय टेकवलास की
तळव्यांना जे होतं, ते.
तू जरा विचार केलास.
"मग लाल मला माहीत आहे."

आणि ते वर्ष,
तू मला न विचारता हेलूनाला विकलंस.
माझ्या हातावर वाढलेली गाय.
मी भांडले नाही. मी तो अख्खा शरद गिळून टाकला.
तू विचारायचास,
मी म्हणायचे, "अजून सगळं हिरवंच आहे."
पिवळं तर तुला थोडंफार कळतं की.
तरी तू मान हलवायचास.
बटाटे उशिरा काढलेस,
होडी उशिरा उलटी घातलीस,
दुहेरी खिडक्या माळ्यावरच ठेवल्यास,
माझ्या शब्दाखातर.
मग एका रात्री वारा सुटला,
आणि सकाळी छप्पर, होडी, पायवाट,
सगळीकडे पानंच पानं.
तू दारात उभा राहिलास,
बाहीवरचं एक पान चिमटीत धरून म्हणालास,
"यंदा हिरवीच गळाली वाटतं."
मी हसले नाही. आठवडाभर तरी नाही.

यंदा मोतीबिंदू माझ्याच डोळ्यांत.
कायानीच्या इस्पितळाने नोव्हेंबरची तारीख दिली आहे.
तोवर खिडकीबाहेर
दुधात काहीतरी पडलंय, एवढंच दिसतं.
तर आता तू बघून येतोस.
बघून म्हणजे, ॲस्पेनखाली उभा राहून, कान देऊन.
"मागच्या आठवड्यात कुजबुजत होता," सांगतोस,
"आज कुणीतरी नोटा मोजतंय."
बर्चचं पान ओढून पाहतोस.
"देठ भांडत नाही. सुटतो."
रोवनखालची माती हुंगतोस,
आणि कोर्होनेनांच्या कुत्र्याने तुला तसं वाकलेलं पाहिलं
तर भुंकतो, तेही सांगतोस.

म्हणजे ही सगळी वर्षं तुला,
असं विचारायला मी तोंड उघडते
आणि मिटते.

आज पहाटे होडीच्या बुडावर दहिवर गोठलं होतं,
हाताला कळलं.
तळ्यापलीकडे मूसच्या शिकारीला माणसं निघाली,
नारिंगी जाकिटं घालून असणार,
तुला आणि मला आता सारखीच.
कॉफी उकळायला आली.
मी विचारलं, "टाउनो, रोवनचं काय?"

तू खिडकीशी बराच वेळ होतास.
तुझ्या गुडघ्याचा आवाज आला, पाय बदललास तेव्हा.
"अजून सगळं हिरवंच आहे," म्हणालास.

मग माझा कप भरलास,
साखर विरघळेपर्यंत ढवळत राहिलास,
आणि हेलूनाचे किती मिळाले होते
ते सांगितलंस, एकतीस वर्षांनी, पहिल्यांदा.